"दारू बंद करा" एवढंच लिहून भागत नाही

सरकारी दवाखान्यात माणूस पोटदुखी, बीपी नाहीतर हाताची थरथर घेऊन येतो, डॉक्टर विचारतात दारू घेता का, तो मान खाली घालून "कधीमधी, झोप लागत नाही म्हणून", की केसपेपरवर "दारू बंद करा" आणि चला, पुढचा पेशंट. झोप का लागत नाही हे राहूनच जातं.

मोठा अपघात, मारहाण, लहानपणी झालेला छळ, असला मनावरचा आघात होऊन गेल्यावर काहींचा मेंदू वर्षानुवर्षं धोक्याच्या तयारीत राहतो, जरा आवाज झाला की दचकणं, रात्री तीच स्वप्नं. दारू मेंदूतल्या गाबा नावाच्या शांत करणाऱ्या रसायनाला जोर देते, म्हणून आधी बरं वाटतंच, ते काही नाटक नसतं. पण पहाटे नशा उतरते तशी धडधड वाढते, दबलेली स्वप्नं उसळून येतात, आणि संध्याकाळी पुन्हा बाटली, यावेळी थोडी जास्त.

यावर जुना खाक्या म्हणजे आधी दारू सोड, मग मनाचं बघू. जुनं उकरलं तर माणूस अजून पिईल ही भीती. ऑस्ट्रेलियात १०३ जणांवर दोन्हींचे उपचार एकत्र करून पाहिले (सगळे दारूवालेच नव्हते, इतर नशाही होत्या), २०१२ ला निकाल आला, आघाताची लक्षणं नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त कमी झाली आणि नशा वाढली नाही. नशा त्यामुळे जास्त सुटली असंही नाही हं, ती दोन्ही गटांत सारखीच कमी झाली.

आता आपल्याकडे हे करणार कोण? गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये डॉक्टर नसलेल्या, ट्रेनिंग दिलेल्या साध्या काउन्सेलर्सनी जास्त पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार बैठकांत बोलून पाहिलं. तीन महिन्यांनी त्यांच्यातल्या ३६ टक्के लोकांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं, नुसत्या नेहमीच्या सल्ल्यावर २६ टक्के. भर दारूवर होता, आघातावर नाही, माझ्या मते पुढची पायरी तीच. दारूसाठी ऑडिट नावाची १० प्रश्नांची यादी आहेच, आघातासाठीही पाच प्रश्नांची छोटी चाचणी आहे, बीपी बघता बघता सिस्टरसुद्धा विचारू शकतात, फक्त पडद्याआड, सासू किंवा नवरा शेजारी उभा असताना नाही.

आणि रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्यांनी "आजपासून बंद" म्हणून एकदम तोडू नका, फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेततं, ते डॉक्टरांच्या देखरेखीतच. बोलायला कोणी नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.