जड धातूंची तपासणी: मातीसोबत धान्यही का आणावे?

"एवढी माती तपासा, कॅडमियम आहे का बघा," असे सांगून बरेच ग्राहक आमच्या प्रयोगशाळेत एकच पिशवी ठेवून जातात. आमची विनंती आहे की त्याच शेतातले धान्यही आणा. मातीत धातू किती आहे आणि दाण्यात किती उतरला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

शिसे मातीला घट्ट धरून बसते. पिकाने घेतले तरी बहुतेक मुळातच अडकते. दाण्यावर सापडते ते पुष्कळदा धुळीतून आलेले. कॅडमियमचे तसे नाही. ते मुळातून थेट दाण्यापर्यंत चढते आणि पीक वरून हिरवेगारच दिसते. जपानमधील जिन्झू नदीच्या खोऱ्यात खाणीचे पाणी भातखाचरांत गेले. तो भात वर्षानुवर्षे खाणाऱ्यांची, विशेषतः उतारवयातल्या स्त्रियांची, हाडे ठिसूळ झाली. या रोगाला लोकांनी 'इताई-इताई' म्हटले, म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. त्यामागे कॅडमियम असल्याचे जपान सरकारने 1968 साली मान्य केले.

दोन शेतांत कॅडमियम सारखेच असले, तरी सामू (pH) कमी असलेल्या आम्लधर्मी शेतातल्या पिकात ते जास्त उतरते. जस्ताची कमतरता असेल तर आणखीच. म्हणून सामू, सेंद्रिय कर्ब आणि जस्त आम्ही सोबतच तपासतो; त्यांच्याशिवाय कॅडमियमच्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

भाताची गोष्ट अवघड आहे. खाचरात पाणी साठून राहिले की मातीतले आर्सेनिक, म्हणजे आणखी एक विषारी घटक, मोकळे होऊन दाण्यात उतरते. पाणी काढून जमीन सुकवली की दाण्यातले आर्सेनिक कमी होते, पण कॅडमियम वाढते. एकाच धातूचा अहवाल हातात घेऊन पाण्याचे वेळापत्रक कृपया बदलू नका.

धान्याचा आकडा आम्ही कोडेक्सच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांच्या, मर्यादेशी ताडून देतो. एका किलोमागे गव्हात कॅडमियम 0.2 मिलिग्रॅम, पॉलिश केलेल्या तांदळात 0.4, त्याच तांदळात असेंद्रिय आर्सेनिक 0.2. मातीच्या मर्यादा देशागणिक वेगळ्या आहेत.

नमुना घेताना मात्र घाई नको, कारण इथली चूक यंत्राला सुधारता येत नाही. नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी 'व्ही' आकाराचा, 15 ते 20 सेंटिमीटर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती खरवडा. बांध, झाडाखालची जागा, खताच्या ढिगाची जागा आणि रस्त्याकडेची पट्टी सोडा. जस्ताचा मुलामा असलेली बादली किंवा घमेले वापरू नका. त्यातले जस्त नमुन्यात उतरते. प्लॅस्टिकची बादली, लाकडी पट्टी चालेल. माती सावलीत वाळवा, एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन काढून टाका आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. कणसे किंवा लोंब्या त्याच ठिकाणांहून हाताने खुडा. मळणीनंतरच्या राशीत सगळी शेते मिसळलेली असतात.

चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, ओलाव्याने शाई पसरते.

दोष निघालाच तर सामू कमी असलेल्या जमिनीत चुना देऊन कॅडमियम बांधून ठेवता येते. आर्सेनिकही जास्त असेल तर आधी आमच्याशी बोला, कारण सामू चढल्यावर ते सुटे होऊ शकते. धातू कुजत नाही, विरतही नाही. सामू पुन्हा उतरला की बांधलेले कॅडमियम परत सुटते. म्हणून चुना दिल्यावर पुढच्या हंगामाचे धान्य तपासायला पुन्हा आणा.