क्लासिक रेसमधल्या पोलच्या लांबीचा वाद: पार्श्वभूमी

मुंबईहून गुलमर्ग किंवा औलीला स्कीइंगचा कोर्स करून आलेल्यांना पोल, म्हणजे हातातली काठी, माहीत असतो तो वळताना बर्फात टेकवायचा, आखूड. तो उलटा धरून टोकाजवळच्या चकतीच्या खाली मूठ आवळायची, कोपर काटकोनात आलं की माप बरोबर. पण क्रॉस-कंट्रीत, म्हणजे सपाटीवर आणि चढ-उतारांवर स्वतःच्या जोरावर लांब अंतर कापायच्या स्कीइंगमध्ये, पोल म्हणजे इंजिन आहे, आणि भांडण तिथलं आहे.

जुना इतिहास थोडक्यात. शतकानुशतकं बहुतेक लोक एकच लांब काठी वापरायचे, १९व्या शतकाच्या शेवटी ऑस्ट्रियात एका काठीने उतार उतरायचं शिक्षणच दिलं जायचं आणि दोन काठ्यावाल्यांशी त्यांचं चांगलंच वाजलं होतं. दोन काठ्या जिंकल्या. मग बांबू, स्टील, १९५९ मध्ये अमेरिकेतल्या आयडाहोच्या एका स्कीयरने अॅल्युमिनियमचा पोल आणला, आता कार्बन. पोल हलका आणि ताठ झाला, म्हणजे त्यावर अख्खं अंग टाकता यायला लागलं.

१९८० च्या दशकात स्केटिंगसारखी तिरकी ढकल देत पळणारे पुढे जायला लागले, १९८५ च्या सीफेल्डच्या जागतिक स्पर्धेत तर पकडीचं मेण (पाय मागे ढकलताना स्की घसरू नये म्हणून तिच्या तळाला लावतात ते) न लावताच लोक उतरले, त्यानंतर क्लासिक (स्की समांतर ठेवून जुन्या चालीची) आणि फ्रीस्टाइल (स्केटिंगला मुभा असलेली) अशा वेगळ्या रेस झाल्या. वाटलं प्रश्न मिटला. पण क्लासिकमध्येही खेळाडूंनी मेण सोडलं आणि दोन्ही पोल एकत्र मारत, कमरेतून वाकत, नुसत्या हात-पोटाच्या जोरावर जायला लागले, त्याला डबल पोलिंग म्हणतात. स्वीडनच्या ९० किलोमीटरच्या वासालोपेटमध्येही २०१० नंतर पुढचे लोक असेच जायला लागले. पोल लांब असला की ढकल लांब मिळते, म्हणून पोल वाढत गेले.

मग २०१६-१७ च्या सीझनपासून नियम आला: क्लासिकमध्ये पोल उंचीच्या ८३ टक्क्यांपेक्षा लांब नको, उंची मोजायची बूट घालून. फ्रीस्टाइलमध्ये १०० टक्के चालतो. शिवाय काही चढांवर डबल पोलिंगला बंदी. नियमाची बाजू मांडणारे म्हणतात की नाहीतर एक पाय टाकून सरकायची जुनी चाल मरून जाईल, आणि ही भीती खोटी नाही. पण मला निर्णय पटत नाही. डबल पोलिंग क्लासिकमध्ये कायम होतंच, कोणी चोरून आणलेलं नाही. ते फोफावलं कारण आयोजकांनी ट्रॅक गुळगुळीत आणि सोपे केले, तिथे उभे आणि लांब चढ ठेवले असते तर मेण आपोआप परत आलं असतं, काठी मोजायला अधिकारी उभा करायची गरजच नव्हती. तो पट्टीवाला उपाय मात्र लागू झाला, आणि बूट घालून १८० सेंटीमीटर भरणाऱ्याला क्लासिकमध्ये पोल मिळतो जेमतेम १४९ सेंटीमीटरचा.