श्रमसंस्कार शिबिर

महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या (रासेयो) स्वयंसेवकांनी एखाद्या गावात सात दिवस मुक्कामी राहून श्रमदान, पाहणी आणि लोकशिक्षण करण्याचा उपक्रम. कागदोपत्री नाव ‘विशेष शिबिर’. मुलांच्या तोंडी ‘एनएसएसचा कॅम्प’.

विद्यार्थ्यांनी राष्ट्रसेवेत काही काळ घालवावा, हा विचार स्वातंत्र्यानंतर लगेचच सुरू झाला. १९५९ मध्ये चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने ही सेवा सक्तीची करावी अशी शिफारस केली होती. खर्च व अंमलबजावणीच्या अडचणींमुळे ती मान्य झाली नाही. पुढे गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तत्कालीन शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत ऐच्छिक स्वरूपात योजना सुरू केली. महाराष्ट्रात तिला आयती जमीन मिळाली. हातात खराटा घेऊन गावोगाव फिरणारे गाडगेबाबा लोकांच्या आठवणीत ताजे होते, आणि बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली ती याच सुमारास.

स्वयंसेवकाने वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करावे आणि एक विशेष शिबिर पूर्ण करावे, अशी अपेक्षा असते. साधारणतः १०० विद्यार्थ्यांचे एक एकक धरतात. त्यातले निम्मे शिबिराला जातात. जबाबदारी कार्यक्रम अधिकाऱ्याची, म्हणजे वर्गावरचे तास सांभाळून हे काम करणाऱ्या प्राध्यापकाची.

शिबिर कसे होणार हे बरेचसे पूर्वपाहणीतच ठरते. सरपंच, ग्रामसेवक आणि मुख्याध्यापक यांना भेटून शाळेच्या खोल्या, पाणी, वीज आणि मुलींसाठी स्वच्छतागृह यांची खातरजमा करायची, ग्रामपंचायतीचे संमतिपत्र घ्यायचे, हे सगळेच करतात. पण तेवढ्यावर परतणाऱ्याला गावाची खरी गरज कळत नाही. ओढ्याकाठी शेत असलेला शेतकरी, पाणी भरणाऱ्या बायका, आशाताई (गावातील आरोग्यसेविका) यांच्याशी बोलल्याशिवाय काम ठरवू नये. जागा कोणाच्या मालकीची आहे हेही आधीच विचारावे. टिकाव पडल्यावर बांधावरून वाद निघाला, तर दोन दिवस त्यातच जातात.

सर्वांत मोठी अडचण वेळापत्रकाची असते. परीक्षा आटोपून शिबिरे बहुधा डिसेंबर ते फेब्रुवारीत भरतात आणि बहुतेकांच्या मनात वनराई बंधारा असतो. मोहन धारिया यांच्या ‘वनराई’ संस्थेच्या नावाने रूढ झालेला हा बंधारा अगदी साधा आहे. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, गोणी पाऊण भरेल इतकीच. गच्च भरलेली गोणी गोल राहते आणि दुसरीवर नीट बसत नाही. तोंड सुतळीने शिवायचे. विटांप्रमाणे सांधे चुकवत थर रचायचे, पाया रुंद ठेवायचा, फटींत चिखल दाबायचा. गोण्या रांगेत उभ्या मुलांच्या हातोहात पुढे सरकतात आणि दोन-तीन दिवसांत ओढ्यात पाणी तुंबलेले दिसते. मुलांना यापेक्षा मोठा आनंद क्वचितच मिळतो. मात्र हे वाहते पाणी अडवायचे काम आहे, आणि ते पावसाळा सरताच केले तरच कामी येते. जानेवारीत कोरड्या ओढ्यात रचलेल्या गोण्यांचा फोटो छान येतो, विहिरींना मात्र त्याचा उपयोग होत नाही. म्हणून जाणते अधिकारी बंधारा ऑक्टोबरच्या रविवारी, वर्षाच्या १२० तासांतच उरकतात, आणि शिबिरासाठी शोषखड्डे (सांडपाणी जमिनीत जिरवणारे खड्डे), डोंगरउतारावरचे समतल चर (पाणी अडवण्यासाठी उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले) किंवा पुढच्या पावसाळ्यातील लागवडीचे खड्डे राखून ठेवतात.

दिनक्रम ठरलेला असतो: पहाटे प्रभातफेरी, व्यायाम, न्याहारी, ऊन चढेपर्यंत श्रमदान, दुपारी बौद्धिक, मग घरोघरची पाहणी, रात्री देवळापुढे पथनाट्य. पन्नास जणांचे पाच-सहा गट पाडून स्वयंपाक, सफाई, हजेरी, अवजारे ही कामे पाळीने फिरवतात. अवजारांचा हिशेब फार महत्त्वाचा. टिकाव कमी आणि घमेली जास्त झाली की निम्मी मुले नुसती उभी राहतात. दांडे पक्के आहेत ना, हे निघण्यापूर्वी पाहिलेले बरे. पहिल्याच दिवशी हाताला फोड येतात. त्यामुळे पट्ट्या, मलम आणि जलसंजीवनी कामाच्या जागीच हवी, शाळेच्या कपाटात नव्हे. मुली असतील तर सोबत महिला प्राध्यापक मुक्कामी असलीच पाहिजे.

मुले गावासाठी आली, गाव मात्र पारावर बसून बघत राहिले, ही जुनी तक्रार आहे. यात गावाला एकट्याला दोष देता येत नाही. काम कॉलेजने ठरवले असेल तर ते कॉलेजचेच राहते. जिथे काम गावकऱ्यांनी सुचवले, तिथे तिसऱ्या दिवशी कोणी आपली पहार घेऊन येतो, एखादी आजी चुलीवरच्या भाकऱ्या पाठवते. काही ठिकाणी गाव ट्रॅक्टर आणि एक वेळचे जेवण देते.

समारोपाला पाहुणे येतात, प्रमाणपत्रे वाटली जातात आणि कामाची यादी ग्रामपंचायतीच्या हाती जाते. त्या यादीत प्रत्येक कामापुढे देखभाल करणाऱ्या गावकऱ्याचे नाव लिहिलेले असावे. शोषखड्ड्याच्या तोंडाशी साचलेला गाळ कोणी काढला नाही, तर खड्डा काही महिन्यांत तुंबतो आणि सांडपाणी पुन्हा गल्लीत येते. एका शिबिरावर न थांबता गाव दत्तक घेण्यामागचा हेतू हाच की, मुले उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत यावीत. चरांत साचलेली माती उपसावी आणि खणून ठेवलेल्या खड्ड्यांत रोपे लावावीत.