मेंढ्याचा नंबर कधी लागणार?

2025 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याचा एक शिकार परवाना लिलावात 13 लाख डॉलरना गेला. परवाना एका बिगहॉर्न मेंढ्याचा. म्हणजे डोंगरकड्यांवर राहणारा, कानामागून गोल वळलेल्या जाड शिंगांचा रानमेंढा. त्याच राज्यात सोडतीत नाव निघालं, तर असाच मेंढा साध्या सरकारी शुल्कात मारता येतो. अडचण एवढीच, की नाव निघत नाही.

परवाने, म्हणजे शिकाऱ्यांच्या भाषेत ‘टॅग’, मुळातच मोजके असतात. वन्यजीव खातं हेलिकॉप्टरमधून कळप मोजतं आणि त्यातले किती नर मारले तर चालेल ते ठरवतं. एक नर अनेक माद्यांशी जुगतो. त्यामुळे दोन-चार म्हातारे नर कमी झाले तरी कोकरांची संख्या सहसा घटत नाही, असा हा हिशोब. (शिंगांचा हिशोब वेगळा. कॅनडातल्या राम माउंटनवर मोठ्या शिंगांचे नर वर्षानुवर्षं टिपले गेले आणि पुढच्या पिढ्यांची शिंगंच लहान होत गेली, असं 2003 मध्ये संशोधकांनी दाखवलं.) टॅग मूठभर, अर्ज हजारो. मग वाटायचे कसे?

बऱ्याच राज्यांनी यावर पॉइंटची युक्ती काढली. यंदा नंबर लागला नाही? घ्या एक पॉइंट, पुढच्या वर्षी उपयोगी पडेल. पण तो कसा उपयोगी पडतो, हे राज्यागणिक बदलतं. वायोमिंगमध्ये मेंढ्याचे 75 टक्के टॅग सर्वाधिक पॉइंटवाल्यांना जातात, बाकीचे नशिबावर. ही सरळ रांग झाली. समजा पुढे हजार जण उभे आहेत आणि रांगेतून वर्षाला दहा टॅग सुटतात, तर तुमची पाळी शंभर वर्षांनी. तरी लोक पॉइंट जमवत राहतात.

नेवाडाचं गणित जास्त गमतीचं आहे. तिथे पॉइंटचा वर्ग करून त्यात 1 मिळवतात आणि अर्जदाराला तेवढे यादृच्छिक आकडे मिळतात. त्यातला सर्वांत लहान आकडा त्याचा. ज्याचा आकडा लहान, त्याचा नंबर आधी. दहा पॉइंटवाल्याला 101 आकडे, नवख्याला एक. टॅग एकच आणि समोर हजार नवखे असतील, तर जुन्याची शक्यता 1101 पैकी 101, म्हणजे सुमारे 9 टक्के. भारीच! पण ते हजारही दहा-दहा पॉइंटवाले निघाले, तर सगळ्यांचेच वर्ग होतात आणि शक्यता उरते 1001 मध्ये एक. माझ्या मते पॉइंटची खरी गोम इथेच आहे: ते सगळ्यांकडे साठत गेले की त्यांची किंमत आपोआप उतरते. नवीन टॅग मात्र त्यातून एकही निर्माण होत नाही.

युटाने मधला मार्ग काढला. निम्मे टॅग जास्त पॉइंटवाल्यांना, निम्मे सोडतीने. शिवाय मेंढ्याचा टॅग आयुष्यात एकदाच. मिळाला की त्या प्राण्यापुरते तुम्ही कायमचे बाद. आयडाहो दरवर्षी एक टॅग लिलावाला काढतं आणि एक तिकिटांच्या लॉटरीला, म्हणजे पैसेवाल्याच्या शेजारी एखादा साधा तिकीटवालाही डोंगर चढतो.

आणि ज्याच्या लिलावाने डोळे पांढरे होतात, त्या न्यू मेक्सिकोत पॉइंट नावाची भानगडच नाही. वीस वर्षं अर्ज भरणारा जुना शिकारी दर वर्षी पुन्हा नवखाच.