‘हॅलोवीन’चे दहा, ‘एक्झॉर्सिस्ट’चे पंधरा

दर ऑक्टोबरच्या शेवटी तोच प्रकार. पेटत्या भोपळ्याचं चित्र, मागे पियानोची टिणटिण आणि वर मथळा ‘हॅलोवीनची प्रसिद्ध धून’. वाजत मात्र असतं ते ‘द एक्झॉर्सिस्ट’मधलं. कधी उलटंही: ‘एक्झॉर्सिस्ट’मधल्या झपाटलेल्या रेगनचा फाटलेल्या ओठांचा चेहरा आणि त्याखाली ‘हॅलोवीन’मधल्या खुनी मायकल मायर्सची धून. पन्नासेक वर्षं जुन्या दोन भयपटांचं संगीत अजून लोकांच्या कानात आहे ही कौतुकाची गोष्ट, पण ते चुकीच्या खणात ठेवलेलं असतं.

‘एक्झॉर्सिस्ट’बद्दल सांगत बसायला नको. १९७३, दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन, वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनमधलं घर, गरकन फिरणारी मान, हिरवी उलटी, दोन पाद्री. सगळ्यांना पाठ आहे. ‘हॅलोवीन’ आपल्याकडे बऱ्याच जणांना नावानेच माहीत. तो १९७८ सालचा. दिग्दर्शक जॉन कारपेंटरने सुमारे तीन लाख डॉलरमध्ये उरकलेला. गोष्ट इतकीच, की सहाव्या वर्षी थोरल्या बहिणीला भोसकणारा मायकल पंधरा वर्षांनी मनोरुग्णालयातून पळून आपल्या गावी परततो आणि शेजारपाजारची मुलं सांभाळणाऱ्या एका मुलीच्या मागे लागतो. त्याचा तो पांढराफटक मुखवटा म्हणजे दुकानात दोनेक डॉलरला मिळणारा विल्यम शॅटनर या नटाच्या चेहऱ्याचा मुखवटा, वरून रंग मारलेला. एकात सैतान, दुसऱ्यात सुरा. पडद्यावर गोंधळ व्हायचं कारण नाही. गोंधळ होतो कानाचा.

आणि तो का होतो हेही उघड आहे. दोन्हीकडे पियानो, दोन्हीकडे मायनर, म्हणजे उदास छटेची स्वरपट्टी, दोन्हीकडे एकच छोटी आकृती न थकता घोळवलेली, आणि दोन्ही आकृत्या चारच्या हिशोबात न बसणाऱ्या. ‘काहीतरी विषम मोजणीचं आहे’ इथपर्यंत ऐकणारा पोचतो आणि तिथेच थांबतो. खरा फरक त्याच्या पुढे आहे.

‘हॅलोवीन’ची धून एफ शार्प मायनरमध्ये आहे. एफ शार्पला सा धरा. उजव्या हाताची आकृती अशी: प सा सा, प सा सा, प सा, ध सा. ध कोमल. प आणि ध हे सा च्या वरचे, त्यामुळे बोट दरवेळी वरून खाली सा वर येऊन आपटतं. सगळे सूर सारख्याच लांबीचे, मोजून दहा. वजन तीन-तीन-दोन-दोन.

दहा म्हटलं की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘म्हणजे झपतालच की!’ नाही हो. ठेका लावून बघा. झपतालाचे विभाग पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि आठव्या मात्रेवर सुरू होतात. या धुनेचे आघात पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि नवव्या सुरावर पडतात. सम, म्हणजे पहिली मात्रा, सोडली तर एकही आघात जुळत नाही. पाश्चात्त्य मोजणीत हे ५/४, म्हणजे पाच ठोके आणि प्रत्येक ठोक्यात दोन सूर. पायाने पाच मोजत ऐकलंत तर पहिला आघात पायावर पडतो, दुसरा दोन आणि तीनच्या बरोबर मधे अधांतरी, मग चार आणि पाच पुन्हा पायावर. आवर्तनाचा पहिला भाग ओढत चालतो आणि शेवटी दोन पावलं घाईने पडतात. दर आवर्तनात तेच. त्यात काही आवर्तनांनंतर हीच आकृती जशीच्या तशी अर्धा सूर खाली सरकते: चाल तीच, फक्त सा खचतो. वर सिंथेसायझरची बारीक टिकटिक चालूच. पाच ठोक्यांचं हे वजन कारपेंटरला लहानपणी वडिलांनी बोंगोवर शिकवलं होतं. ते संगीताचे प्राध्यापक होते.

आता दुसरी. ही मुळात चित्रपटाची धूनच नाही. माइक ओल्डफिल्ड या इंग्लिश संगीतकाराच्या ‘ट्यूब्युलर बेल्स’ या अल्बमची ती सुरुवात. अल्बम मे १९७३ मध्ये आला, व्हर्जिन रेकॉर्ड्सचा पहिलाच. चित्रपट त्याच वर्षीच्या डिसेंबरात. सूर ए मायनरचे. ए ला सा धरलं तर उघडते अशी: प सा प रे प नि सा. नि कोमल, आणि प खालचा, मंद्रातला. बोट इथे खालच्या प ला ठोकून वर जातं, पुन्हा खाली येतं. हे सात झाले, पुढे आठ, एकूण पंधरा. स्वरलिपी लिहिणाऱ्यांत यावर मतभेद आहेत, कुणी सात-आठ लिहितो तर कुणी सात-सात-सात-नऊ, पण बेरीज पंधराच्याच पटीत राहते. ओल्डफिल्डचा विचार साधा होता: सोळाचं सरळ आवर्तन घ्यायचं आणि त्यातला शेवटचा ठोका काढून टाकायचा. सोळा मात्रांचा तीनताल अंगात मुरलेल्या माणसाला हे लगेच जाणवतं. सम येणार म्हणून मान हलवावी, तर ती एक मात्रा आधीच येऊन गेलेली.

म्हणून दोन्ही ‘विषम’ असूनही परिणाम वेगळा. दहाची धून आतून लंगडी आहे, पण आवर्तन म्हणून पक्की. दोनदा ऐकलं की पुढचा आघात कधी येणार ते कळतं, आणि कळत असूनही तो टळत नाही. पाठलागाला हवं ते हेच. पंधराची धून आतून गोड, वाहती, लोरीच्या जवळ जाणारी. फक्त सांध्यावर दरवेळी काहीतरी कमी पडतं. तिच्यात कुणीच कुणाच्या मागे लागलेलं नाही. आपल्याच पायाखालची जमीन जराशी सरकते, एवढंच.

मोजायचा कंटाळा असेल तर पहिले तीन सूर ऐका. दुसरा आणि तिसरा सूर एकच असेल तर ‘हॅलोवीन’. तिसऱ्यावर पहिला सूर परत आला तर ‘ट्यूब्युलर बेल्स’.

कीबोर्डवर वाजवणाऱ्यांच्या चुका ठरलेल्या. ‘हॅलोवीन’ वाजवताना सूर लांबवणारं सस्टेन पेडल दाबून धरतात. मग सा सा एकमेकांत मिसळतात आणि ठोकण्याचा कोरडेपणाच जातो. पेडल सोडा, बोटं तोडून वाजवा. त्याहून मोठा गुन्हा रीमिक्सवाल्यांचा. शेवटचे ‘ध सा’ कापले की उरतात तीन-तीन-दोन, म्हणजे आठ, आणि ते जगातल्या निम्म्या नाचाच्या गाण्यांचं वजन आहे. चारच्या ड्रमवर छान बसतं, आणि तिथेच धून मरते. ‘ट्यूब्युलर बेल्स’ला उलटा उपचार करतात: काढलेला सोळावा ठोका परत चिकटवतात. ओल्डफिल्डने मुद्दाम केलेली एकमेव खोडी पुसून टाकायची आणि वर ‘क्लासिकला मानवंदना’ म्हणायचं!

दुसरा गैरसमज असा, की दोन्ही धुना आपापल्या चित्रपटात सारखंच काम करतात. ‘एक्झॉर्सिस्ट’ पुन्हा बघा, या वेळी कान लावून. रेगनची आई नटी आहे, ती चित्रीकरण संपवून पायी घरी निघते, भरदिवसा. पानगळ, वाऱ्याने उडणारे दोन नन्सचे पायघोळ झगे, आणि सोंगं घेऊन पळत जाणारी मुलं, कारण तो दिवस हॅलोवीनचाच. (अर्ध्या गोंधळाचं मूळ बहुधा इथेच.) तिथे ही धून वाजते, आणि शेवटी पुन्हा थोडीशी. बस. रेगनच्या खोलीत ती पाऊलही टाकत नाही. लालो शिफ्रिनने केलेलं संगीत फ्रीडकिनने नाकारलं आणि पेंडेरेत्स्की, वेबर्न, क्रम यांच्या आधीच लिहिलेल्या रचनांतले तुकडे घेतले, तेही चिमूटभर. खोलीतली भीती संगीताची नाहीच, ती आवाजांची आहे: मर्सिडीझ मॅककेंब्रिज या नटीने सैतानाला दिलेला घोगरा आवाज, श्वास, पलंगाचे धक्के, आणि मधली शांतता. ऑस्करही मिळालं ते ध्वनीला आणि पटकथेला.

‘हॅलोवीन’मध्ये याच्या नेमकं उलट. संगीत काढून घ्या, उरेल एका उपनगरातली दुपार: हिरवळ, कुंपणं, रस्त्यावरून चालणाऱ्या तीन मैत्रिणी. संगीत आणि ध्वनिपरिणाम चढवण्याआधीची प्रत एका स्टुडिओतल्या बाईंना दाखवली तेव्हा त्यांना जराही भीती वाटली नाही, असं कारपेंटरनेच सांगून ठेवलंय. मग त्याने स्वतः सिंथेसायझर हाती घेतले, डॅन वायमनच्या मदतीने दोनेक आठवड्यांत काम संपवलं, तेही पडद्यावर चित्र न बघता. श्रेयनामावलीत वाद्यवृंदाचं भारदस्त नाव आहे, ‘बोलिंग ग्रीन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा’. असा वाद्यवृंद नव्हताच. बोलिंग ग्रीन हे कारपेंटर लहानाचा मोठा झाला ते केंटकीतलं गाव.

सुरुवातीची श्रेयनामावली बघा म्हणजे कळेल. काळ्या पडद्यावर डावीकडे भोपळा, उजवीकडे नारिंगी अक्षरं, कॅमेरा अगदी हळू भोपळ्याच्या डोळ्यात शिरतो. भोपळ्यातली ज्योत सोडली तर चित्रात दुसरं काहीच हलत नाही. आणि अख्खा चित्रपट संपल्यावर रिकामे जिने, रिकाम्या खोल्या, बाहेरून घर, आणि त्यावर तीच धून व मुखवट्याआडचा श्वास. माणूस दिसत नाही, पण दहा सूर चालू आहेत म्हणजे तो आहे. ‘ट्यूब्युलर बेल्स’ला असलं काम कुणी दिलंच नव्हतं.

चित्रपट-संगीत म्हणून आमचं मत सरळ ‘हॅलोवीन’ला. पण नुसतं ऐकायला कारपेंटरची धून तीन-चार मिनिटांपलीकडे पुरत नाही, हेही मान्य करावं. ओल्डफिल्डचा अल्बम सुमारे ४९ मिनिटांचा, बहुतेक वाद्यं एकोणिसाव्या वर्षी त्याने एकट्याने वाजवलेली, आणि ती नामांकित सुरुवात त्यातली जेमतेम काही मिनिटं. नावातल्या नळ्यांच्या घंटा तर पहिली बाजू संपत येताना वाजतात. सुरुवातीला पियानोबरोबर जे किणकिणतं ते ग्लॉकेनश्पील, धातूच्या पट्ट्यांचं वाद्य. बाकी फरक किरकोळ. तुम्ही ऐकत असलेला ‘हॅलोवीन’ जरा जाड, ढोल-गिटारवाला वाटला तर तो २०१८ च्या चित्रपटाचा. तो कारपेंटरने मुलगा कोडी आणि डॅनियल डेव्हिस यांच्यासोबत केला. सूर तेच, दहाचेच.

आणि घोगऱ्या कुजबुजीखाली तबला वाजत असेल, तर दोन्ही नावं खोडा. ती १९७७ सालच्या इटालियन ‘सस्पिरिया’ची धून, गोब्लिन या बँडची.