फ्युएल इंजेक्शन ट्यूनिंग (मोटरसायकल)

एअर फिल्टर, सायलेंसर किंवा कॅमशाफ्ट बदलल्यावर इंजिनात शिरणाऱ्या हवेचे प्रमाण बदलते. त्या हवेच्या हिशेबाने ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाच्या) मॅपमधले, म्हणजे कोणत्या वेगाला आणि थ्रॉटलला किती इंधन सोडायचे या तक्त्यातले, पेट्रोल पुन्हा बसवणे म्हणजे फ्युएल इंजेक्शन ट्यूनिंग. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषण-मानक लागू झाल्यापासून बहुतेक मोटरसायकली इंजेक्शनच्या झाल्या आणि कार्ब्युरेटरचे जेट बदलण्याचे जुने काम लॅपटॉपवर आले.

मार्ग दोन : मूळ ईसीयू फ्लॅश करणे, म्हणजे त्यातला मॅप नव्याने लिहिणे, किंवा वायरिंगच्या मध्ये पिगीबॅक, म्हणजे ईसीयूचे इशारे बदलणारी वेगळी पेटी, बसवणे. पिगीबॅक स्वस्त, पण आयडल आणि संथ वेगात ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचे ऐकतो आणि वाढवलेले पेट्रोल परत कापतो.

काम सुरू होते पान्यांनी. टॅपेट, प्लग, थ्रॉटल बॉडीची सफाई, इंधनपंपाचा दाब हे सारे आधी तपासावे. सायलेंसर बेंडच्या गॅस्केटकडे विशेष पाहावे. तिथे गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर मिश्रण लीन (पेट्रोल कमी) दाखवतो आणि ट्यूनर बिनकामाचे पेट्रोल वाढवत बसतो. थ्रॉटल सोडल्यावर फटफट आवाज येत असेल तर गळतीचा संशय घ्यावा. गिऱ्हाइकाला मात्र तोच आवाज आवडलेला असतो!

मिश्रण नेमके मोजणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर कॅटच्या (धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधी आणि टोक खाली राहील असा तिरका बसवतात, म्हणजे त्यात पाणी साचत नाही. लॅम्ब्डा म्हणजे पूर्ण जळणाला लागणाऱ्या हवेच्या तुलनेत प्रत्यक्ष मिळालेली हवा; १ म्हणजे नेमके मिश्रण, त्याहून कमी म्हणजे पेट्रोल जास्त. फुल थ्रॉटलला तो ०.८७ ते ०.९० धरतात. लॅम्ब्डाच वाचावा, कारण शुद्ध पेट्रोलचे १४.७ हे हवा-इंधन प्रमाण २० टक्के इथेनॉलच्या इंधनात सुमारे १३.५ वर येते. मोजलेला लॅम्ब्डा ०.९४ आणि अपेक्षित लॅम्ब्डा ०.८८ असेल, तर ०.९४ ÷ ०.८८ = १.०७, म्हणजे मॅपच्या त्या खान्यात ७ टक्के पेट्रोल वाढवायचे. ९,००० आरपीएमला एका चक्राला (क्रँकच्या दोन फेऱ्यांना) १३.३ मिलिसेकंद मिळतात. इंजेक्टर त्यातले ११.३ पेक्षा (सुमारे ८५ टक्क्यांपेक्षा) जास्त उघडा राहू लागला, तर मॅप वाढवून उपयोग नाही, मोठा इंजेक्टर लागतो.

ठाण्यातली खरी परीक्षा माजिवडा नाक्यावर होते. गर्दीत उभ्या गाडीचा हवा-तापमान सेन्सर इंजिनच्या उष्णतेने तापतो, ईसीयू हवा विरळ समजून पेट्रोल कमी करतो आणि सिग्नल सुटताच गाडी अडखळते. अशा वेळी मूळ मॅपला हात न लावता सेन्सर उष्णतेपासून दूर न्यावा. समुद्रसपाटीला बसवलेला, थ्रॉटल-कोनावर चालणारा मॅप हवेच्या दाबानुसार सुधारणा नसेल तर लोणावळ्याच्या विरळ हवेत सुमारे ६ टक्के रिच (पेट्रोल जास्त) होतो.

फुल थ्रॉटलच्या नोंदी डायनोवरच (गाडी जागेवर रोलरवर चालवून मोजणाऱ्या यंत्रावरच) घ्याव्यात. नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर त्या घेणे बेकायदा आणि जिवावरचे आहेच, वर सिग्नलमुळे नोंदही तुटक मिळते. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलांना मनाई करते; कॅट काढलेली गाडी पीयूसीतही अडकू शकते. म्हणून मूळ मॅपची प्रत आणि काढलेले भाग जपून ठेवतात.