डोक्यावर पट्टे नसलेली तिघं

जानेवारीतली सकाळ. हतनूर धरणाच्या फुगवट्याकाठी, चांगदेवच्या बाजूला, हरभऱ्याच्या शेतात पट्टकादंबांचा, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेल्या रानहंसांचा, थवा उतरला होता. दुर्बिणीतून पाहताना त्यातली पाच जणं वेगळी कळू लागली. दोघांच्या पांढऱ्या डोक्यामागे दोन काळे पट्टे ठसठशीत होते. उरलेल्या तिघांना पट्टेच नव्हते, मानेमागे नुसता मळकट करडा रंग. म्हणजे ही गेल्या उन्हाळ्यातली पिल्लं. पट्टेवाल्यांपैकी एक जण मान ताठ करून उभा, बाकीचे चौघे निवांत चरत होते. दुसरं एक जोडपं जवळ आलं, तशी त्याने मान जमिनीसरशी लांबवून त्यांना हुसकलं. हंसांमध्ये लेकुरवाळ्या कुटुंबाचा थव्यात दबदबा असतो आणि चरायला चांगली जागा त्यांनाच मिळते.

ही पिल्लं जन्मली तिबेट, लडाख किंवा मंगोलियाकडे. महिनाभर मादी अंडी उबवते, नर राखण करतो. अंड्यातून निघाल्यावर दिवसभरात पिल्लं चालू-पोहू लागतात, दोनेक महिन्यांत उडतात आणि पहिल्याच हिवाळ्यात आईबापांमागे हिमालय ओलांडतात. ७,००० मीटरहून उंच उडताना हे पक्षी नोंदले गेले आहेत. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतलाही प्राणवायू घट्ट पकडतं. पण वाट? ती बरीचशी मागे मागे जाऊन शिकायची असते. १९९३ मध्ये बिल लिशमन यांनी कॅनडातले १८ हंस आपल्या छोट्या विमानामागे ऑन्टॅरिओहून व्हर्जिनियाला नेले. पुढच्या वसंतात त्यातले बरेच आपले आपण परतले.

विमानामागे पिल्लं का जातील? अंड्यातून निघालेलं हंसाचं पिल्लू पहिल्या काही तासांत समोर जे हलताना दिसेल त्यालाच आई मानतं. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी १९३५ मध्ये हे सविस्तर मांडलं. १९७३ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. म्हणूनच पिल्लू वाचवणाऱ्याने त्याला आपला लळा लावू नये, असं मला कळकळीने वाटतं.

हंस आमच्या भागात घरटी करत नाहीत, हळदी-कुंकू बदक मात्र करतं. भाद्रपदात शेजारच्या शेतातला मुलगा घमेल्यात एक पिल्लू घेऊन आला. कपाशीच्या सरीत सापडलं होतं, भिजलेलं, थरथरत.

"काका, याला टाकीत सोडू का?"

नको म्हटलं. आईच्या पंखाखालची ऊब नसेल तर पोहणारं पिल्लूही गारठून मरतं. कापडात गुंडाळून ते खोक्यात ठेवलं, फारसं हाताळलं नाही, त्याच्याशी बोललोही नाही. रानपक्षी घरी पाळणं कायद्यानेही गुन्हा आहे. आई सापडली नसती तर वनखात्याकडेच द्यायचं होतं.

बदकाची पिल्लं अंड्यात असतानाच आवाज ऐकू लागतात आणि आपल्या जातीच्या आईची हाक ओळखतात. त्याच भरवशावर संध्याकाळी खोकं शेततळ्याच्या बांधावर नेलं. पाणकणसांत मादी दबक्या आवाजात 'क्वँक क्वँक' करत होती. खोक्यातून लगेच बारीक चिवचिवाट सुरू झाला. आम्ही खोकं आडवं केलं आणि पंधरा-वीस पावलं मागे येऊन बांधामागे बसलो. पिल्लू बाहेर आलं, थबकलं, आमच्याकडे वळलं. तेवढ्यात पुन्हा हाक आली. ते धडपडत उतारावरून पाण्यात गेलं.

पाणकणसांआडून मादी पुढे आली. तिच्यामागे सहा पिल्लं होती. अंधार पडायच्या आत मुलाने पुन्हा मोजली, तेव्हा सात.